सील तुटल्यानंतरचे कागद

कंटेनरच्या तपासणीचा विषय निघाला की आमच्या धंद्यातले बहुतेक जण एकच मागणी करतात: तपासण्या कमी करा. मी आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते. कस्टमच्या होल्डपायी, म्हणजे माल रोखून धरण्यापायी, माझीही झोप अनेकदा उडाली आहे, तरी या मागणीला मी कधी हो म्हटलेलं नाही. दार उघडून आत काय आहे ते बघणं हे सरकारचं काम आहे आणि ते त्यांनी केलंच पाहिजे. माझं भांडण कागदांशी आहे. दार उघडायच्या आधी आणि पुन्हा लागल्यावर तीच माहिती वेगवेगळ्या खात्यांना, वेगवेगळ्या नमुन्यांत, नव्याने लिहून द्यावी लागते. हात बदलले की लिहिण्यात फरक पडतो. मग माल बाजूला राहतो आणि चौकशी त्या फरकाची सुरू होते.

एक साधं उदाहरण देते, कारण हे रोज घडतं. वीस पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी पाटांवर, आठशे कार्टन, म्हणजे खोके, रचलेले आहेत. विकणाऱ्याचा हिशेबनीस इन्व्हॉइसवर ८०० कार्टन लिहितो, कारण त्याला पैसे कार्टनप्रमाणे मिळायचे आहेत. गोदामातला माणूस मोजतो ते पॅलेट, म्हणून शिपिंग लाइनकडे, म्हणजे जहाज कंपनीकडे, जाणाऱ्या सूचनेत २० पॅलेट जातात आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे तिने दिलेल्या मालाच्या पावतीवर, तेच उतरतं. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे जहाजावरच्या सगळ्या मालाच्या यादीत, त्याचं २० पॅकेज होतं. खोटं कोणीच लिहिलेलं नाही. पण अधिकाऱ्याच्या पडद्यावर एकीकडे ८०० आणि दुसरीकडे २० दिसतं, आणि त्याने विचारणा केली नाही तर तो त्याचा कामचुकारपणा ठरेल. मग आमचं स्पष्टीकरणाचं पत्र, विकणाऱ्याचं पत्र, शिपिंग लाइनचं दुरुस्तीपत्र. हे कागदी घोडे नाचत असताना पेटी, म्हणजे कंटेनर, यार्डात उभी असते आणि ती तिथे ठेवायचे फुकट दिवस संपत येतात. ते संपले की बंदराच्या आत डिमरेज हा उशिराचा आकार लागतो. पेटी बाहेर नेऊन रिकामी परत द्यायला उशीर झाला तर डिटेन्शन, ते वेगळं.

या सगळ्या पसाऱ्यात एकच गोष्ट मला मनापासून आवडते, ती म्हणजे कंटेनरचा नंबर. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा बसलेला सातवा आकडा. तो सातवा आकडा पहिल्या दहा खुणांवरून काढलेला असतो. प्रत्येक अक्षराला एक किंमत ठरलेली आहे. प्रत्येक खुणेला तिच्या जागेप्रमाणे १, २, ४, ८ असं दुप्पट होत जाणाऱ्या संख्येने गुणायचं, बेरीज करायची, ११ ने भागायचं, आणि जी बाकी उरेल तो शेवटचा आकडा; बाकी १० उरली तर शून्य. टाइप करताना दोन आकडे उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा संगणक तिथेच अडवतो. आयएसओ ६३४६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा हा नियम जगभर एकच आहे, त्यामुळे नंबरावरून वाद क्वचितच होतो. चूक जन्मतानाच पकडली जाते. मालाचं वर्णन, वजन, नगसंख्या यांना अशी कुठलीच राखण नाही, आणि आमचे सगळे वाद नेमके तिथेच होतात.

वजनाचंच बघा. जानेवारी २००७ मध्ये एमएससी नेपोली हे जहाज इंग्लिश खाडीतल्या वादळात सापडलं, त्याचा सांगाडा तडकला आणि शेवटी ते इंग्लंडच्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात टेकवावं लागलं. चौकशीत डेकवरच्या कोरड्या राहिलेल्या सुमारे ६६० पेट्यांचं वजन झालं. त्यांतल्या १३७ पेट्यांचं खरं वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचं निघालं. एका पेटीत तर हा फरक वीस टनांचा होता. जहाज तडकण्याचं मुख्य कारण त्याच्या बांधणीतला कमकुवतपणा होता, हे त्याच चौकशीत आहे. पण पाचातली एक पेटी स्वतःच्या वजनाबद्दल चुकीचं सांगत होती, ही गोष्ट उरतेच. पुढे १ जुलै २०१६ पासून वजन पडताळल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आला. भरलेली पेटी काट्यावर घ्या, नाहीतर आतला प्रत्येक नग आणि पॅकिंगचं सामान तोलून त्यात रिकाम्या पेटीचं वजन मिळवा, असे दोन मार्ग. हा कागद वाढला तेव्हा आमच्याकडे कुरकूर झाली. मला तो कागद मान्य आहे. डेकवर लॅशिंग करणारा, म्हणजे पेट्या जखडून बांधणारा, माणूस त्या आकड्याच्या भरवशावर उभा असतो.

घातक मालाचंही तसंच. मे २०१९ मध्ये थायलंडच्या लेम चाबांग बंदरात केएमटीसी हाँगकाँग या जहाजावर स्फोट होऊन आग लागली. रसायन भरलेल्या पेट्यांची घातक माल म्हणून नोंदच दिलेली नव्हती. विझवायला आलेल्यांना आपण कशावर पाणी मारतोय हे कळायला मार्ग नव्हता, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना उपचारासाठी न्यावं लागलं. कागदावरचं वर्णन नेमकं असावं असा मी हट्ट धरते, तो यासाठी. कोणाची तरी फुफ्फुसं त्या एका ओळीवर अवलंबून असतात.

वर्णनाच्या बाबतीत नियम आता कडक झालेत, आणि ते बरं झालं. २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने तिकडे जाणाऱ्या मालाची माहिती परदेशी बंदरात जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी मागायला सुरुवात केली. युरोपीय संघाची नवी पूर्वसूचना पद्धत २०२४ पासून समुद्रमार्गे येणाऱ्या मालालाही लागू होऊ लागली. तिच्यात मालाचा सहा आकडी एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, द्यावा लागतो आणि 'जनरल कार्गो' किंवा नुसतं 'पार्ट्स' अशी मोघम वर्णनं चालत नाहीत. कुठली पेटी अडवायची हे ठरतं ते या माहितीवरून: पाठवणारा नवा आहे का, मार्ग विचित्र आहे का, वजन आणि वर्णन जुळतं का. सगळ्याच पेट्या तपासणं शक्य नाही, हेही आता सिद्ध झालंय. आपल्याकडे येणारी प्रत्येक पेटी निघण्याच्या बंदरातच स्कॅन व्हावी, असा कायदा अमेरिकेने २००७ मध्ये केला. मुदत होती २०१२. ती पुन्हापुन्हा वाढवावी लागली.

आता प्रत्यक्ष तपासणी कशी होते ते सांगते, कारण ऑफिसात बसून 'एक्झामिनेशन' हा शब्द टाइप करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती पाहिलेली असते. स्कॅनरमधून पेटी सुटली तर काम थोडक्यात आटोपतं. चित्रात काही खटकलं तर दार उघडायचं. आधी सीलवरचा नंबर मोठ्याने वाचतात आणि कागदाशी ताडतात. हा बोल्ट सील म्हणजे बोटाएवढ्या जाडीची पोलादी खीळ. उच्च सुरक्षेचा असेल तर त्यावर इंग्रजी एच कोरलेला असतो. मग लांब दांड्यांचं कटर लावून तो तोडतात. दार लगेच उघडत नाहीत. माल फ्युमिगेट केलेला, म्हणजे कीड मारायला विषारी वायू सोडलेला, असेल तर आत मिथिल ब्रोमाइडसारखा वायू साठलेला असू शकतो, म्हणून शिस्त पाळणाऱ्या ठिकाणी दाराच्या रबरातून नळी आत सरकवून हवा मोजतात, गरज पडली तर पेटी उघडी ठेवून थांबतात. घाई करणाऱ्या एजंटांनी हे थांबणं एकदा जवळून पाहावं. पहिला श्वास त्या अधिकाऱ्याचा आणि त्याच्यामागच्या हमालाचा असतो.

त्यानंतर माल उतरतो. अधिकाऱ्याला बहुधा सगळ्यात आतल्या भिंतीजवळचा नग हवा असतो, आणि ते बरोबरच आहे. लपवणारा दाराशी लपवत नाही. पॅलेट बाहेर आले की त्यांच्या ठोकळ्यांवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि 'एचटी' शिक्का शोधतात. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलंय, कीड मेली आहे, असा त्या शिक्क्याचा अर्थ. शिक्का नसलेला एक पॅलेट निघाला तर आतला माल कितीही निर्दोष असो, प्रकरण वनस्पती संरक्षण खात्याकडे जातं. ते खातं वेगळं, त्याचा फॉर्म वेगळा, आणि त्या फॉर्मवर पुन्हा पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कंटेनर नंबर, मालाचं वर्णन. जे कस्टमच्या संगणकात आधीच आहे तेच सगळं, पहिल्यापासून.

समजा काहीच सापडलं नाही. माल पुन्हा भरतात. कारखान्यात जसा भरला होता तसा तो परत कधीच बसत नाही. दोन-चार खोके दबतात, पॅलेटभोवतीची पट्टी सैल राहते. मग नवा सील लागतो, नवा नंबर घेऊन. इथून कागदांची दुसरी फेरी सुरू होते. निर्यातीची पेटी असेल तर शिपिंग लाइनला दिलेल्या सूचनेत सील नंबर बदलायचा. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा बदलायचा. आरोग्य प्रमाणपत्रावर जुना सील छापलेला असेल तर तिथे खाडाखोड चालत नाही, तो कागद नव्याने मागायचा. पलीकडच्या देशाला आधीच गेलेली पूर्वसूचना दुरुस्त करायची, आणि तपासणीचा दाखला सगळ्यांना जोडायचा. यातलं एक जरी राहिलं तर उतरण्याच्या बंदरात कागदावर एक सील आणि दारावर दुसरा. अशी पेटी तिथल्या अधिकाऱ्याला संशयास्पदच वाटणार. म्हणजे एका सरकारने प्रामाणिकपणे केलेली तपासणी हेच दुसऱ्या सरकारच्या तपासणीचं कारण होऊन बसतं.

सीलचा संशय उगाच नसतो, हेही सांगायला हवं. जून २०१९ मध्ये फिलाडेल्फिया बंदरात एमएससी गायाने या जहाजावर सुमारे १८ टन कोकेन सापडलं. भर समुद्रात बोटींतून आलेला तो माल खलाशांनीच वर घेतला होता, दुसऱ्यांच्या कंटेनरमध्ये कोंबला होता आणि नकली सील लावून दारं बंद केली होती. ज्यांच्या त्या पेट्या, त्यांच्या इन्व्हॉइसमधून हे कोणाला कळणार होतं? कागद कितीही जुळले तरी कधीतरी दार उघडावंच लागतं, ते यासाठी.

भागातल्या पेटीत, म्हणजे जिच्यात अनेकांचा थोडाथोडा माल एकत्र असतो तिच्यात, फटका सगळ्यात वाईट बसतो. एकाच्या खोक्यावरून प्रश्न उठतो आणि बाकी सगळे अडकतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. हे बाकीचे बहुधा छोटे व्यापारी असतात. त्यांच्याकडे कागद सांभाळायला वेगळा माणूस नसतो, आणि होल्ड का लागला हे त्यांना कोणी सांगत नाही, कारण होल्ड त्यांच्या नावावर नसतो. असे फोन मी घेते. समोरचा माणूस चिडलेला नसतो, घाबरलेला असतो.

मग उपाय काय? २०१४ मध्ये मर्स्क या जहाज कंपनीने पूर्व आफ्रिकेतून युरोपला जाणाऱ्या थंड मालाच्या पेटीचा माग काढला, तेव्हा जवळपास तीस व्यक्ती आणि संस्था आणि त्यांच्यात दोनशेहून जास्त वेळा झालेली देवाणघेवाण समोर आली. त्यावर तोडगा म्हणून आयबीएमबरोबर ट्रेडलेन्स नावाचा मंच उभा राहिला आणि २०२२ च्या अखेरीस तो बंद करत असल्याचं जाहीर झालं. सगळ्या उद्योगाने एकत्र यायला हवं होतं, तेवढे आले नाहीत. मला तरी वाटतं की नुसत्या संगणकाने हे सुटणार नाही. फॉर्म कागदावरून पडद्यावर आला आणि तेच रकाने पुन्हा भरावे लागले, तर भार हलला कुठे?

सुटण्याचा रस्ता लिहून ठेवलेला आहे. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ ला अमलात आला. त्याच्या दहाव्या कलमात एकल खिडकीची तरतूद आहे. एका ठिकाणी दिलेले कागद त्या खिडकीत सामील असलेल्या इतर खात्यांनी, तातडीचे आणि मोजके अपवाद सोडले तर, पुन्हा मागू नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. देशांनी फक्त हे एक वाक्य मनापासून पाळलं तरी माझ्या टेबलावरचा बराचसा ढीग नाहीसा होईल.

आणखी दोन गोष्टी मला हव्या आहेत. तपासणी करणाऱ्या खात्याने नवा सील लावला की तो नंबर त्यानेच, त्याच वेळी, यंत्रणेत चढवावा आणि तिथून तो शिपिंग लाइन आणि पलीकडच्या कस्टमपर्यंत आपोआप पोचावा. सील लावणारा हात ज्याचा, नोंदही त्याचीच. दुसरी गोष्ट पैशांची. पेटी तपासणीच्या जागेपर्यंत नेण्याचा, हमालांचा, पुन्हा भरण्याचा आणि त्या काळातल्या डिमरेजचा खर्च बहुतेक ठिकाणी मालधन्याच्या माथी येतो, पेटी निर्दोष निघाली तरी. लबाडी सापडली तर दंडासकट वसूल करा, माझी काही हरकत नाही. पण जिथे काही निघालं नाही तिथे ती तपासणी सगळ्या समाजाच्या सुरक्षिततेसाठी झाली होती, आणि तिचा खर्च सरकारी तिजोरीतून जावा. तसं झालं तर कोणती पेटी उघडायची हे ठरवणाऱ्यांनाही आपल्या निवडी किती अचूक ठरतात याचा हिशेब ठेवावा लागेल, आणि घरचं सगळं लावून पहिली पेटी पाठवणारा माणूस त्या एका बिलापायी दुसरी पेटी पाठवायचं सोडणार नाही.