रक्तातून उगवलेली खोटी फांदी

सकाळी सरड्यांचा वंशवृक्ष उघडला तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावरचा एक नमुना भलतीकडेच बसलेला. मादी होती ती. नराच्या गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा मादीला नसतो, त्यामुळे ती ‘सिताना’ की ‘सराडा’, हे मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाघरातल्या) एनडी२ जनुकावरून ठरवायचं होतं. (सराडा ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, २०१६ साली सितानापासून वेगळी काढली, नाव आपल्या सरड्यावरूनच.) झाड म्हणत होतं, दोन्हींतली नाही. दोघी फुटण्याआधीच, बुंध्यापाशी, आखूड फांदीवर एकटी. बूटस्ट्रॅप, म्हणजे फांदीच्या जागेचा भरवसा, शंभरात ९८. नव्या जातीची नावं सुचायला लागतात ती अशा वेळी.

आधी डीएनएच्या अक्षरक्रमाचं प्रथिनात रूपांतर केलं. जागोजागी थांबा-कोडॉन, म्हणजे प्रथिन तिथेच तोडणारे तीन अक्षरी संकेत! पण ती माझीच चूक, सॉफ्टवेअरमध्ये नेहमीची संकेतसारणी राहिली होती. पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. सारणी बदलल्यावर बाकी नमुने स्वच्छ वाचले गेले. या एकात मधोमध टीएए हा खरा थांबा उरलाच. शिवाय खऱ्या एनडी२मध्ये बहुतेक बदल कोडॉनच्या तिसऱ्या जागी साठतात, इथे तो वरचष्मा बराच कमी. म्हणजे ही मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाची केंद्रकात जाऊन चिकटलेली जुनी नक्कल. तिथे डीएनए सावकाश बदलतो, म्हणून फांदी आखूड.

पण याच नमुन्यात का? नोंदवहीत पाहिलं. बाकी सगळी शेपटीची टोकं, ९५ टक्के इथेनॉलमधली. हे एकटं रक्त. सरपटणाऱ्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्यामुळे नळीत केंद्रकातला डीएनए उदंड, मायटोकॉन्ड्रियाचा तुटपुंजा. त्यात पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) लागेना म्हणून अॅनीलिंगचं, म्हणजे प्रायमर हे सुरुवातीचे छोटे तुकडे डीएनएला चिकटण्याचं, तापमान ५५वरून ४८ अंशांवर आणलेलं. प्रायमर ढिले पडले की नक्कलही चालून जाते. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पट्टा एकच आणि ठळक. दोन्ही तुकडे सारख्याच लांबीचे असल्यावर जेल काय सांगणार? क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे अक्षरं वाचून मिळालेल्या आलेखात, काही शिखरांखाली बुटकी जोडशिखरं होती, ती गोंगाट समजून सोडली होती.

त्याच मादीच्या शेपटीचं टोक फ्रीजरमध्ये होतं. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा प्रथिनं पचवणाऱ्या प्रोटिनेज-केमध्ये ५६ अंशांवर रात्रभर ठेवला. या वेळी मायटोकॉन्ड्रियातल्याच १६एस जनुकापासून सीओ१ जनुकापर्यंतचा सुमारे ३,००० बेसचा सलग तुकडा वाढवला. नकला सहसा एवढ्या लांब नसतात. थांबा नाही, जोडशिखरं नाहीत. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडची वंशावळ सांगतो, म्हणून केंद्रकातला आरएजी१ हा जनुकही वाचला. दोन्ही झाडांत मादी सराडामध्येच, चाळकेवाडीच्या नरांशेजारी.

रक्ताच्या उरलेल्या चार नळ्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आणि झाकणावर लाल शाईनं लिहिलं: ‘फक्त केंद्रकीय जनुकांसाठी’.