एकाच गोळीचे पाच व्यास

काडतुसे पुन्हा भरताना केस (काडतुसांची रिकामी धातूची कवचे) साफ करणे, त्यांची लांबी सारखी करणे, प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवणे हे टप्पे मला जड गेले नाहीत. मी अडलो तो साच्यात ओतलेल्या शिशाच्या गोळीचा व्यास मोजताना, आणि तेही सलग चार संध्याकाळी. 7.62 मिमी हा आकडा काडतुसाच्या नावातच असला तरी तो बॅरलमधील, म्हणजे बंदुकीच्या नळीतील, उंचवट्यांमधला व्यास असतो; गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळदार खाचांच्या मधोमध हे उंचवटे राहतात. खाचांच्या तळापासून तळापर्यंत मोजल्यास तो सुमारे 7.82 मिमी भरतो, आणि शिशाची गोळी त्याहून साधारण 0.025 ते 0.05 मिमी जाड ठेवतात.

पहिल्या संध्याकाळी डिजिटल कॅलिपरने एकाच गोळीचे पाच आकडे दिले: 7.88, 7.83, 7.86, पुन्हा 7.83 आणि शेवटी 7.90. मी बॅटरी बदलली, मग विक्रेत्याला मनातल्या मनात बोल लावले. वास्तविक अशा कॅलिपरची अचूकताच अधिक-उणे 0.02 मिमीच्या आसपास असते, शिवाय अंगठ्याचा दाब थोडा वाढला की त्याचे जबडे किंचित तिरके होतात. मला जेवढा फरक शोधायचा होता, जवळजवळ तेवढीच चूक उपकरण करू शकत होते. हे कळल्यावर एका परिचितांकडून मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून दोन तोंडांमध्ये वस्तू धरून मोजणारे अधिक अचूक उपकरण) मागून आणला, आणि त्याचेही आकडे जुळेनात तेव्हा मात्र माझा संयम संपला.

तिसऱ्या संध्याकाळी गोळी भिंगाखाली धरली, तेव्हा तिच्या अंगावर समोरासमोर दोन चकचकीत सपाट ठिपके दिसले. मी रॅचेटने (ठरावीक दाबानंतर टिकटिक करत सुटणाऱ्या टोकाच्या खुंटीने) न फिरवता थेट थिंबल (फिरवायची मूठ) आवळत होतो, म्हणजे मोजता मोजता मीच शिसे दाबत होतो! ती गोळी बाजूला टाकली. दुसरी घेऊन रॅचेटचे तीन टिकटिक ऐकू येईपर्यंतच फिरवले, तर साच्याच्या जोडरेषेवर 7.86 आणि पाव वळण दिल्यावर 7.90. गोळी गोल नव्हतीच. साच्याच्या दोन भागांमध्ये शिशाचा एक बारीक थेंब चिकटला होता, त्यामुळे साचा पूर्ण मिटत नव्हता. साचा कोमट असताना लाकडी काडीने तो खरवडला आणि नव्याने ओतलेल्या दहा गोळ्या दोन्ही दिशांनी 7.86 ते 7.87 मध्ये आल्या.

राहून गेलेली गोष्ट म्हणजे, मोजण्याआधी मायक्रोमीटरच्या तोंडांमध्ये स्वच्छ कागद धरून ओढावा आणि मगच शून्य तपासावे. माझा शून्य 0.01 ने सरकला होता तो निव्वळ मळामुळे. मोजायचे ते गोळीच्या सरळ भागावर, निमुळत्या टोकावर किंवा वंगणाच्या खाचेवर नव्हे. बॅरलचा आतला व्यास कळावा म्हणून त्यातून ठोकून काढलेल्या शिशाच्या तुकड्यावर खाचांची संख्या विषम असेल, तर दोन तोंडांचा मायक्रोमीटर कुचकामी ठरतो, कारण प्रत्येक खाचेच्या समोर उंचवटा येतो; त्यासाठी व्ही आकाराच्या ऐरणीचा (स्थिर तोंडाचा) मायक्रोमीटर लागतो. माझ्या बॅरलला सुदैवाने चार खाचा आहेत.

मायक्रोमीटर परत केला तेव्हा मी तो घट्ट मिटून पेटीत ठेवला होता. त्या परिचितांनी काही न बोलता तो उघडला, तोंडांमध्ये थोडी फट ठेवली आणि पेटी बंद केली.