आमची वाटचाल: काय मोडू द्यायचं ते आधी ठरवणारं गॅरेज

साताऱ्यातलं आमचं गॅरेज वडिलांनी सुरू केलं ते वडापच्या, म्हणजे गावोगावची माणसं भाड्यानं भरून नेणाऱ्या, जीपांसाठी. मेढा, बामणोली, कोयनेच्या आतल्या अंगाची गावं ज्यांनी तेव्हा पाहिली असतील त्यांना त्या जीपा आठवतील. आत बसलेत त्याहून जास्त लोक मागं लटकलेले. मुरमाचा रस्ता, मध्ये ओढे, पुढे खडा चढ. आज हौसेनं करतात ते ऑफ-रोडिंग त्या चालकांच्या पोटापाण्याचा भाग होतं. संध्याकाळी जीप गॅरेजला लागली की मालक एवढंच विचारायचा, "आण्णा, सकाळच्या पहिल्या खेपेला निघंल का?" पत्रा चेपलाय, फूटबोर्ड वाकलाय याकडे तो बघायचाही नाही. हाउसिंगखाली (अॅक्सलच्या तेल भरलेल्या कवचाखाली) तेलाचा थेंब दिसला की मात्र वडिलांनी ते खोलेपर्यंत तिथून हलायचा नाही.

दिसणारं नुकसान वेगळं आणि गाडी थांबवणारं नुकसान वेगळं, हे आम्ही त्या मालकांकडून शिकलो. आमचा पुढचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

वडाप कमी होत गेलं आणि २०१० नंतर थार घेऊन हौशी मंडळी यायला लागली. त्याआधी जिप्सीवाले होते, पण ते बहुतेक स्वतःच पाना हातात घेणारे. जिप्सीला चारही चाकांना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढं-मागं सरळ अॅक्सल, खोलायला सोपी गाडी. खरा बदल झाला २०२०च्या ऑक्टोबरमध्ये नवी थार आल्यावर, आणि २०२३मध्ये पाच दारांची जिम्नी आली तेव्हा तो वाढला. आता गिऱ्हाईक सोमवारी त्याच गाडीनं ऑफिसला जातो, मुलांना शाळेत सोडतो, गाडीचे हप्ते अजून भरतोय. त्याला मोठे टायर हवेत, विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र) हवा, आणि शनिवारी दगडांवर चढायचंय. अशा माणसाला फक्त सामान विकणं आम्हाला पटेना.

म्हणून आम्ही एक कागद तयार केला. कुठलंही काम हातात घ्यायच्या आधी मालकासोबत बसून तो भरतो. ही गाडी बंद पडली तर घरात दुसरी आहे का? दरवाजा चेपला तर मनाला लागेल का? एका फेरीत किती रुपयांचं नुकसान झालं तर रात्री नीट झोप लागेल? गाडी डोंगरात रुतली तर बाहेर काढायला सोबत कोण आहे? शेवटी, घरच्यांना हे सगळं माहीत आहे का? हा प्रश्न काहींना आगाऊपणाचा वाटतो, पण आम्ही तो गाळत नाही. रकमेचा अंदाज येत नसेल तर आम्ही सांगतो, महिन्याचा हप्ता ही मर्यादा धरा. त्यापेक्षा महाग काही मोडण्याची शक्यता दिसली की तिथून गाडी मागं घ्यायची. हे घरी बसून ठरवलेलं बरं. समोर चढ, मागं मित्र मोबाईलवर चित्रण करतायत, अशा वेळी कुणाचाच हिशेब जागेवर राहत नाही.

आता मोडण्याबद्दल, कारण यावर आमच्या गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त बोलणं होतं. इंजिनपासून चाकापर्यंत जोर एका साखळीतून जातो: क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (गाडीखालचा लांब फिरता दांडा), क्रॉस (त्या दांड्याचा सांधा), क्राउन-पिनियन (अॅक्सलमधले दातेरी गिअर), हाफ शाफ्ट (तिथून चाकापर्यंतचा दांडा), टायर. ताण हाताबाहेर गेला की साखळीतली सगळ्यात कच्ची कडी तुटते. मोठे, जड टायर लावले की प्रत्येक कडीवरचा ताण वाढतो. मग कुणी म्हणतो, हाफ शाफ्ट मजबूत टाका. टाकतो, पण आधी सांगतो की आता तुटण्याची पाळी क्राउनवर येऊ शकते, आणि क्राउन-पिनियन बसवणं हे शिमा (पातळ चकत्या) लावून मापात आणायचं काम आहे, ओढ्याकाठी होणारं नाही. क्रॉस तुटला तर तो स्वस्त, डिकीत जादा ठेवता येतो, दोन माणसं सावलीत बसून बदलतात. म्हणून काहीच मोडू नये अशी गाडी करण्यापेक्षा स्वस्त आणि हाताला येणारा भाग आधी मोडेल अशी जुळणी ठेवण्याकडे आमचा कल असतो. मूळ मापाच्या जवळचे, चांगल्या नक्षीचे टायर, खाली चेंबर (इंजिनाच्या तेलाचं भांडं) आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) झाकणारी जाड प्लेट, पुढं-मागं चासीला पक्के बसवलेले टोइंग हूक. बहुतेकांना एवढंच पुरतं.

बाकीचं चालवणाऱ्याच्या पायात आहे. स्टिअरिंग पूर्ण कापून अॅक्सिलरेटर दाबला तर सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला जोर पोचवणारा सांधा) जातो. चाक उड्या मारायला लागलं आणि पाय तसाच ठेवला तर शाफ्ट जातो. वेग दुप्पट झाला की दगडावर बसणाऱ्या धक्क्यातली ऊर्जा चौपट होते, त्यामुळे फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर, गती कमी) पहिल्या गिअरला रांगत जाणाऱ्याचं प्लेटवरच्या ओरखड्यावर निभावतं. तिथंच जोरात झेप घेणाऱ्याचा टायरॉड (चाकं वळवणारा दांडा) वाकतो. टायरमधली हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते आणि धक्केही मऊ होतात. फार खाली गेलात तर टायर रिमवरून सुटतो. आपल्याकडचा काळा पाषाण धारेचा आहे, तो टायरची बाजू चिरतो, आणि बाजूला पडलेली चीर पॅच मारून भागत नाही. जादा टायर एकच असेल तर दगडांच्या घळीत शिरायचं की नाही याचं उत्तर तिथंच मिळतं.

पाण्याच्या बाबतीत मी कुणालाच सूट देत नाही. नव्या थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिलीमीटर सांगते. ती संथ पाण्यासाठी, सावकाश चालीसाठी. जुलैतला ओढा वाहता असतो, तळाचा दगड सरकलेला असतो. हवेच्या वाटेनं पाणी इंजिनात गेलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि आधी ठरवलेली रक्कम कितीही मोठी असली तरी अपुरी पडते. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ओढून काढायची, इंजेक्टर, पेट्रोल गाडी असेल तर स्पार्क प्लग, खोलून आतलं पाणी काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. दुसरं संकट गुपचूप येतं. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हाउसिंगच्या हवेच्या तोंडातून), सीलमधून पाणी ओढून घेते. तेल दुधट होतं. गाडी त्या दिवशी चालते, बेअरिंग नंतर बोलायला लागतं. ब्रीदरची नळी वर बॉनेटमध्ये नेणं हे आमच्याकडचं अगदी लहान काम, पण ओढे ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीला ते करून घ्या असं मी हात जोडून सांगतो.

विम्याच्या भरवशावर जोखीम वाढवू नका. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, शर्यती आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाच्या चाचणी-स्पर्धा) वगळलेल्या असतात, आणि पाण्यामुळे इंजिन गेलं तर वेगळं कव्हर घेतलेलं असावं लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल आम्ही करत नाही. पुढचे बुल बारही नाहीत. २०१७च्या डिसेंबरमध्ये केंद्राने त्यांच्याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले, आणि पायी चालणाऱ्याला ते घातक आहेत हे आम्हाला मनापासून पटतं. या नकारांमुळे काही कामं दुसरीकडे जातात, जाऊ देत.

एक नुकसान मात्र आमच्या कागदावर रकमेत मांडताच येत नाही. आमच्या दारातून कासच्या फुलांच्या पठाराकडे जाणारा रस्ता जातो. २०१२ साली ते पठार पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जांभ्यावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत ती फुलं येतात. एकदा चाक फिरलं की ती माती पावसात वाहून जाते. सड्यांवर (अशा खडकाळ पठारांवर), देवराईत, कुणाच्या पेरलेल्या खाचरात गाडी घालणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही, ओळखीचा असला तरी.

गेल्या काही वर्षांत आयटीआयमधून आलेली दोन पोरं आणि एक पोरगी आमच्याकडे तयार झाली. विंच आणि दोराचं काम ती पोरगी आमच्यात सगळ्यात काटेकोरपणे करते. ताणलेल्या दोराच्या रेषेत ती कुणालाही उभं राहू देत नाही, गाडीमालक असो की मी. सोमवारी परत आलेल्या गाड्या खालून धुऊन, लिफ्टवर घेऊन, तेलं तपासून देणं हे आता आमच्या उत्पन्नाचं मोठं काम झालंय. चढाच्या मध्यावरून गाडी सुखरूप मागं घेऊन आलेल्याकडून या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही.

मेढ्याच्या बाजूला एका शेतकऱ्याकडून पडीक जमीन भाड्यानं घेतली आहे. तिथं नवख्यांसाठी दगडाचा टप्पा, चिखलाचा खड्डा आणि आडवा उतार करायचं चाललंय. प्रत्येक टप्प्याला मध्येच बाहेर पडायची एक वाट ठेवली आहे, आणि चढांच्या आधी त्या वाटाच रोलर फिरवून पक्क्या करून घेतल्यात.