वाळू पूर्वेला जाते

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या राजधानीत, लोमेत, नवीन आलेल्या कोकणी माणसाला पहिली गोष्ट खटकते ती म्हणजे इथला समुद्र कधी गप्प बसत नाही. आपल्याकडे तो पावसाळ्यात पिसाळतो, नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरतात आणि दिवाळीपर्यंत सगळं निवतं. टोगोत तशी सुट्टी नाही. वारा पडलेला असतो, माडाची झावळी हलत नाही आणि समोर माणसाच्या उंचीची लाट धडाधड फुटत असते. ती लाट इथली नसतेच. खाली दक्षिण अटलांटिकमध्ये वादळं उठतात आणि तिथली लाट हजारो किलोमीटर चालून गिनीच्या आखातात येते. भरती-ओहोटी मात्र किरकोळ, मुंबईच्या निम्मीही नाही. मी देवगडचा, त्यामुळे भरतीचं वेळापत्रक अंगात मुरलेलं. इथे ते फारसं कामाला येत नाही.

ही लाट किनाऱ्याला सरळ धडकत नाही. ती नैऋत्येकडून जरा तिरकी येते आणि दर वेळी वाळू थोडी थोडी पूर्वेला सरकवते. वर्षभरात साधारण 10 लाख घनमीटर किंवा त्याहूनही जास्त वाळू या किनाऱ्याने पूर्वेकडे जाते, असे अंदाज आहेत. दहा घनमीटरचा डंपर धरला तर दर पाच मिनिटांना एक, रात्रंदिवस, रविवारसकट. बंदर बांधणाऱ्याने या डंपरांच्या रांगेत आडवी भिंत घातली तर काय होणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आधी इथे बंदर नव्हतं. जहाजं लांब नांगर टाकायची आणि माल होड्यांनी फुटत्या लाटांतून किनाऱ्यावर यायचा. जर्मनांच्या राज्यात, 1904 साली, किनाऱ्यापासून थेट समुद्रात जाणारा लोखंडी खांबांचा धक्का झाला. 1911 साली समुद्राने तो मोडला, मग दुरुस्त झाला, पुढे फ्रेंचांनी स्वतःचा नवा बांधला. त्रास होता, पण एक होतं: खांबांच्या मधून वाळू आपली निघून जायची. लोमेच्या पूर्वेला क्पेमे इथे फॉस्फेट जहाजात भरायचा धक्का आजही असाच खांबांवर उभा आहे.

1960च्या दशकात पश्चिम जर्मनीच्या मदतीने खरं बंदर बांधायला घेतलं आणि 1968 साली ते सुरू झालं. दगडांचा भरीव लाटरोधक बंधारा समुद्रात शिरला आणि वाळूच्या डंपरांची ती रांग तिथेच थांबली. बंदराच्या पश्चिमेला पुळण रुंद होत गेली. रविवारी तिथे फुटबॉलचे कितीतरी डाव एकाच वेळी रंगतात, तरी जागा उरते. पूर्वेला मात्र लाटेची भूक तेवढीच राहिली आणि पश्चिमेकडून येणारी वाळू बंद झाली. मग तिने किनारा खायला घेतला. बागिदाच्या बाजूला काही ठिकाणी वाळू जाऊन खालचं खडप उघडं पडलंय, सिमेंट ओतल्यासारखं कडक. पुढे आग्बोद्राफो, आनेहो. माडांच्या रांगा गेल्या, घरं गेली, किनाऱ्याचा रस्ता आत सरकवावा लागला.

इथले एवे जमातीचे कोळी आपल्या मालवणसारखीच रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. दोन्ही टोकांना माणसं, बायका-पोरंही दोराला, आणि ताल धरायला गाणं. फरक इतकाच की रापणीला तळ मऊ लागतो. जिथे खडप वर आलं तिथे जाळं अडकून फाटतं, म्हणून ओढायची जागा सोडावी लागते. आमच्या सर्व्हेच्या होडीवर एक वयस्कर गृहस्थ आहेत. मी त्यांना पापा म्हणतो, इथे मोठ्यांना तसंच म्हणायची रीत आहे. लाटेतून होडी बाहेर काढताना कुठली लाट सोडायची आणि कुठली पकडायची हे ते बघतात, आमचं खोली मोजणारं यंत्र नाही. बंदराविषयी ते कधी वाईट बोलत नाहीत. त्यांचा मुलगा कंटेनर यार्डात क्रेन चालवतो.

आणि बंदरामुळे पोट भरतं, तेही खोटं नाही. लोमेचं पाणी साडेसोळा मीटरच्या आसपास खोल, त्यामुळे मोठी कंटेनर जहाजं थेट धक्क्याला लागतात आणि माल इथून छोट्या जहाजांनी शेजारच्या बंदरांत जातो. 2014 साली नवं कंटेनर टर्मिनल सुरू झाल्यापासून हे बंदर पश्चिम आफ्रिकेतल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांत गणलं जातं. बुर्किना फासो आणि नायजरला किनाराच नाही, त्यांचे ट्रकही इथून भरतात. सगळं पाप बंदराच्या माथी मारणंही बरोबर नाही. पश्चिमेच्या शेजारी घानाने 1965 साली व्होल्टा नदीवर अकोसोंबोचं धरण पूर्ण केलं, तेव्हा नदीबरोबर समुद्रात येणारी वाळू वरच अडकली. त्यात लोकांनी बांधकामासाठी किनाऱ्याची वाळू उपसली, ती वेगळीच.

माझा राग धूपप्रतिबंधक कामांच्या हिशेबावर आहे. एका गावापुढे दगडांचे आडवे बांध घातले की त्या गावात वाळू थांबते आणि पूर्वेच्या पुढच्या गावाची उपासमार सुरू होते. त्या गावापुढे बांध घातले की त्याच्या पुढच्याची. असं करत करत तुम्ही बेनिनच्या सीमेवर पोहोचता, आणि वाळूला पासपोर्ट लागत नाही. म्हणून जागतिक बँकेच्या पश्चिम आफ्रिका किनारा कार्यक्रमात टोगो आणि बेनिनने सीमेवरचा पट्टा एकत्र हाती घेतला, नुसते बांध न घालता बाहेरून वाळू आणून भरायची, असं ठरवलं. हे उशिरा सुचलं, पण दिशा बरोबर आहे. बंदराच्या खर्चातच दरवर्षी वाळू उचलून पूर्वेला टाकायची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी होती, असं माझं मत.

हे काही आफ्रिकेचंच दुखणं नाही. चेन्नईची मरिना पुळण एवढी रुंद का, तर बंदराने दक्षिणेकडून येणारी वाळू अडवली म्हणून. उत्तरेला रोयापुरमचा किनारा त्याची किंमत मोजतो. विशाखापट्टणमला बंदरातला गाळ काढताना निघालेली वाळू आर. के. बीचवर टाकतात, ते शहाणपणाचं.

घरून फोन आला की हल्ली पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होणाऱ्या वाढवण बंदराचं विचारतात. जून 2024मध्ये केंद्राने मंजुरी दिली: 76,220 कोटी रुपये, समुद्रात भर घालून 1,448 हेक्टर जमीन, 10.14 किलोमीटरचा लाटरोधक बंधारा. डहाणूचा किनारा म्हणजे टोगो नव्हे. तिथे भरती मोठी, तळाला चिखल आणि खडक, लाटांचा जोर पावसाळ्यापुरता. इथलं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका. पण बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांची किनारपट्टी काम सुरू व्हायच्या आधीपासून मोजून ठेवली आहे का आणि ते नकाशे गावकऱ्यांना बघायला मिळतात का, एवढं जरूर विचारा.

बाकी, ज्या पोरांनी नोकरीचं विचारलंय त्यांच्यासाठी: काम आहे. ड्रेजिंग, सर्व्हे, क्रेनची देखभाल, सगळीकडे माणसं लागतात. मात्र फ्रेंच शिकून या, इंग्रजीवर साइटच्या गेटपुढे गाडी जात नाही. मलेरियाच्या गोळ्यांचं तिकडेच डॉक्टरांना विचारून घ्या. आणि पोहता येत असलं तरी इथल्या समुद्रात कंबरेच्या पुढे जाऊ नका.