तुम्ही विचारलंत म्हणून: कायम नोकर नाहीतर धाकटा भाऊच का?

लंडनमधली आम्ही मराठी मंडळी वर्षाला एक नाटक बसवतो आणि दरवर्षी तालमीत कुणीतरी विचारतंच, "तुम्ही मोठी भूमिका का घेत नाही हो?" घरी बायकोही विचारते. मी 'निकोलस लिंडहर्स्ट' एवढंच म्हणतो. ती चहा गाळायला निघून जाते.

लिंडहर्स्ट म्हणजे इंग्रज नट. 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या बीबीसीच्या विनोदी मालिकेतल्या रॉडनीच्या आधीचा लिंडहर्स्ट कुणाच्या लक्षातच नसतो. लंडनच्या कोरोना स्टेज स्कूलमधला हा पोरगा. १९७६ साली बीबीसीच्या 'द प्रिन्स अँड द पॉपर'मध्ये राजपुत्रही तोच आणि भिकारीही तोच. मोठी भूमिका त्याने मिसरूड फुटायच्या आत करून टाकली होती! मग १९७८ मध्ये 'गोइंग स्ट्रेट' मालिकेत विनोदी नट रॉनी बार्करचा मुलगा, 'बटरफ्लाइज'मध्ये आणखी कुणाचा तरी मुलगा. १९८१ पासून रॉडनी, म्हणजे डेल बॉयचा धाकटा भाऊ. त्या 'दुय्यम' रॉडनीला १९९६ च्या डिसेंबरात एका रात्री २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिलं. मोजा आता.

त्याच मालिकेतला १९८२ चा झुंबराचा प्रसंग आठवा. छताचं झुंबर उतरवायचंय. दोघे भाऊ शिड्यांवर चादर ताणून उभे, नजर वर. आजोबा माडीवर स्क्रू सोडवतात, पण भलत्याच झुंबराचा. ते मागे कोसळतं. फोडायला झुंबर एकच, म्हणजे टेकही एकच. रॉडनी काय करतो? काही नाही. चादर धरतो.

मला ते जमलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी, भाड्याचा हॉल. मी नोकर, हातात ट्रे. आमचे काका, वय एकाहत्तर, मुलीचं पत्र वाचतायत. अख्खा अंक त्या पत्रासाठी लिहिलेला. माझ्या ट्रेमधला चमचा चुकून वाजला. तिसऱ्या रांगेत खसखस पिकली. मग मी तो मुद्दाम वाजवला. हशा. पुन्हा वाजवला. त्या हशात काकांचं वाक्य बुडालं. ते थांबले, हॉल शांत झाला, आणि पुढचं वाक्य त्यांना आठवेना. प्रॉम्प्टरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. काकांनी पत्राची नीट घडी केली, खिशात घातली आणि ते विंगेत गेले. मेकअप पुसताना आरशातूनच म्हणाले, "छान हशा घेतलास." पुढच्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून त्यांनी काम घेतलं नाही. नंतरही नाही.

त्या रात्री गाडीत मी बायकोला म्हणालो होतो, "लोक हसले ना? मग बिघडलं काय?" खोटं कशाला बोलू, मधूनच आजही तसंच वाटतं. इतका नाजूक प्रसंग चमच्याने मोडतो, तर दोष चमच्याचा? आणि मग वाटतं, लिंडहर्स्टबिंडहर्स्ट सगळं मागाहून जुळवलेलं. खरं म्हणजे माझं वाक्य कुणी बुडवेल याचीच मला धास्ती असेल. त्याचं तसं नव्हतं. तो आधी राजपुत्र होऊन आला होता.

यंदाही नोकरच आहे. ट्रे घेऊन तालमीला जातो. चमचा घरी ठेवतो.