नेमके काय घेतले होते?

पुण्यातील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी रात्रपाळीला होते. शनिवारी रात्री दोनच्या सुमारास दोन मुलांनी आपल्या 21 वर्षांच्या मित्राला रिक्षातून आणले आणि "मॅडम, थोडी जास्त झाली आहे," एवढेच सांगितले. त्याचा शर्ट उलटीने भरला होता, अंग गार पडले होते आणि घरघरणारा श्वास मिनिटाला जेमतेम नऊ वेळा चालू होता. आम्ही त्याला डाव्या कुशीवर वळवले, घसा साफ करून प्राणवायू लावला. रक्तातील साखर 52 निघाली. उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाची साखर अशी घसरू शकते, पण नशेत झोपला आहे असे समजून ती तपासायची राहून जाते. थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) आणि ग्लुकोज शिरेतून दिल्यावरही तो अपेक्षेइतका जागा होईना.

मित्र एका क्वार्टरवर, म्हणजे 180 मिलीवर, ठाम होते. डोक्याला मार, झोपेच्या गोळ्या, आणखी काही, अशा सगळ्या शक्यता माझ्या मनात येत होत्या. सीटी स्कॅनची तयारी सुरू असताना मी एकाला बाजूला घेऊन म्हटले, "मी पोलीस नाही. त्याच्या शरीरात काय गेले हे कळले नाही, तर मला अंधारात उपचार करावे लागतील." तो रडू लागला. क्वार्टर संपल्यावर त्याच्या या मित्राने गांजाचे दोन जॉइंट ओढले होते. उलटी झाल्यावर त्याला लिंबूपाणी पाजून उताणे झोपवले होते आणि गांजाची केस होईल या भीतीने दोन तास कोणीही 108 ला फोन केला नव्हता.

ही भीती निराधार नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाचे सेवन हा गुन्हा आहे. पण त्या दोन तासांत एक उलटी श्वासनलिकेत गेली असती, तर मला त्याच्या आईवडिलांना वेगळाच फोन करावा लागला असता. झोपलेल्याच्या पोटातील दारू रक्तात उतरत राहते, त्यामुळे "झोपू दे, उतरेल" हा त्यांचा हिशेबही चुकीचाच होता.

सकाळी शुद्धीवर आल्यावर त्याने विचारले, "नेहमीइतकीच घेतली होती, मग असे का झाले?" दारूमुळे गांजातील टीएचसी या घटकाचे रक्तातील प्रमाण वाढते, त्यामुळे रोजचे मोजमाप तिथे लागू पडत नाही, हे मी त्याला समजावले. उपदेश मी मुद्दाम टाळला, कारण या वयाचे रुग्ण उपदेश सुरू होताच मान डोलावतात आणि प्रश्न विचारणे थांबवतात. आम्ही ठोस गोष्टी बोललो: दोन्ही एकत्र घ्यायचे नाही, रिकाम्या पोटी प्यायचे नाही, यांपैकी काहीही घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही, आणि हाक मारूनही मित्र उठत नसेल तर त्याला कुशीवर वळवून लगेच 108 ला फोन करून खरे काय ते सांगायचे. हे शेवटचे मी दोन्ही मित्रांकडून पुन्हा वदवून घेतले.

पंधरा दिवसांनी तो तपासणीला आला. दारू सुटलेली नव्हती, आणि हे त्याने न विचारता सांगितले. गांजा मात्र दारूबरोबर एकदाही घेतला नव्हता. मी दोन्ही गोष्टी केसपेपरवर लिहिल्या आणि त्याला पुढच्या महिन्याची तारीख दिली.