कपाटावर ठेवून दिलेल्या जहाजांसाठी

लाकडी जहाजांची छोटी मॉडेलं बांधणाऱ्यांशी गप्पा मारताना एक गोष्ट हटकून घडते. कणा कसा बसवला, सांगाडा किती सरळ आला हे सगळं उत्साहाने सांगून होतं आणि मग आवाज जरा खाली येतो. ते जहाज आता कपाटावर आहे. दोन वर्षं झाली, तीन झाली. सांगणाऱ्याला त्याची लाज वाटते, आणि मला नेमकी तीच लाज मान्य नाही.

व्हिक्टरी या जुन्या इंग्लिश युद्धनौकेचंच बघा. आपल्यापैकी निम्म्या लोकांना कधी ना कधी जे बांधायचंच असतं, ते जहाज. इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीत 1759 साली तिचा कणा ठेवला गेला. पुढे युद्धाची निकड कमी झाली आणि उभा केलेला सांगाडा फळ्या न ठोकता तसाच राहिला. एरवी असा सांगाडा वर्षभर वाळू देत, व्हिक्टरीचा जवळजवळ तीन वर्षं उभा होता. 1765 साली ती पाण्यात उतरली, पण नौदलाच्या सेवेत रुजू व्हायला 1778 उजाडलं. मधली तेरा वर्षं ती नुसती नदीत नांगरून होती. ट्रफाल्गरची प्रसिद्ध आरमारी लढाई 1805 ची, म्हणजे तेव्हा ती चाळिशीची होती. ती इतकी टिकली यात त्या नीट वाळलेल्या ओकचा वाटा मोठा होता, असं जाणकार मानतात. आपल्या किटमधलं, म्हणजे मॉडेलच्या तयार संचातलं, लाकूड आधीच वाळलेलं असतं, हे खरं. पण दोन-तीन वर्षं थांबलेलं जहाज म्हणजे सोडून दिलेलं जहाज, असं व्हिक्टरीकडे पाहून तरी कुणी म्हणू नये.

थांबलेली जहाजं बहुतेक करून नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, थांबलेली असतात. सांगाड्यावर फळ्या म्हणून चिकटवायच्या पहिल्या चार-पाच पट्ट्या छान बसतात, मग पुढच्या टोकाला त्या एकमेकींवर चढायला लागतात आणि माणूस हबकतो. हात वाईट आहे म्हणून हे होत नाही. जहाजाच्या पोटाशी डेकपासून कण्यापर्यंतचं अंतर मोठं आणि नाळेशी लहान, पण पट्ट्यांची संख्या दोन्हीकडे तीच. म्हणजे प्रत्येक पट्टी पुढे निमुळती व्हायलाच हवी. किटमध्ये पट्टी सरळ येते आणि सूचनापत्रात या कामाला एखादं वाक्य मिळतं, म्हणून नवा माणूस ती आहे तशी दाबून बसवायला जातो.

मी कागदाची अरुंद फीत घेते. प्रत्येक आडव्या चौकटीवर ती डेकच्या रेषेपासून कण्यापर्यंत लावून खूण करते आणि जितक्या पट्ट्या बसवायच्या आहेत तितके समान भाग पाडते. त्या त्या चौकटीपाशी पट्टी किती रुंद हवी, ते कागदच सांगतो. कुठे पट्टी निम्म्याहून अरुंद करावी लागत असेल तर तिथे एक पट्टी कमीच करायची. मागच्या बाजूला उलटं होतं, फट रुंदावत जाते आणि तिथे पाचरीसारखा तुकडा घालावा लागतो. तो घालण्यात काहीही कमीपणा नाही, खऱ्या गोदीतले सुतारही घालत होते.

त्याही आधी एक पट्टी नुसती हाताने सांगाड्यावर आडवी धरून बघा. चौकटीच्या कडेला ती पूर्ण जाडीत टेकली पाहिजे. फक्त कोपऱ्यावर टेकत असेल तर अजून घासायचं आहे. हे घासणं कंटाळवाणं असतं, आणि माझ्या मते सगळ्या जहाजातलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच आहे. नाळेजवळच्या चौकटींच्या मधे बाल्सा या हलक्या लाकडाचे ठोकळे भरले तर पट्टीला टेकायला भरपूर जागा मिळते. पट्टी कोमट पाण्यात भिजवा, उष्णता देऊन वाकवा, चिमट्यांनी जागेवर धरा आणि तशीच वाळू द्या. गोंद त्यानंतर. ओली पट्टी चिकटवली की वाळताना ती आकसते आणि फटी उघडतात. शिवाय पट्ट्यांचे दोन थर असलेल्या दुहेरी किटमध्ये हा पहिला थर पुढे दिसणारच नसतो! लिंडनच्या झाडाचं ते मऊ फिकट लाकूड लांबी भरून घासायचं आणि वर अक्रोडाची पातळ पट्टी चढवायची. ज्या थरापाशी इतकी माणसं हार मानतात, तो झाकला जाणारा थर असतो.

आणि समजा फळ्या मारायच्याच नसतील, तर नका मारू. सतराव्या शतकातली इंग्लंडच्या नौदलाची जुनी मॉडेलं पाहा. खालचं अंग मुद्दाम उघडं ठेवलेलं, सगळ्या बरगड्या दिसतात. त्यांतल्या कितीतरींवर डोलकाठ्याही नाहीत. आज ती संग्रहालयांत काचेआड जपलेली आहेत. सांगाडा सुंदर आला असेल तर त्याला तेल पाजा, चांगल्या बैठकीवर बसवा आणि जहाज पूर्ण झालं असं म्हणा.

दुसरा मुक्काम दोरकामाचा. इथे आकडेच घाबरवतात. व्हिक्टरीवर सुमारे 42 किलोमीटर दोर होता असं सांगतात. 1:100 च्या प्रमाणात तो सगळा करायचा म्हटला तरी 420 मीटर भरेल. एवढा कुणीच करत नाही, आणि करायची गरजही नाही. डोलकाठ्या उभ्या करण्याआधी शिडाच्या आडव्या काठ्यांवर लागतील तेवढ्या सगळ्या कप्प्या टेबलावर बसूनच बांधून घ्या. नंतर दोरांच्या जाळ्यात चिमटा घालून कप्पी बांधणं फार जिवावर येतं.

माझ्या टेबलावर सध्या 1:64 ची दोन डोलकाठ्यांची ब्रिग आहे आणि तिच्या दोरशिड्यांचं काम चालू आहे. खऱ्या जहाजावर खलाशी चढायचे त्या आडव्या दोरांत साधारण 33 सेंटीमीटर अंतर असायचं, म्हणजे माझ्याकडे पाच मिलिमीटरांच्या आसपास. तेवढ्या अंतरावर रेषा मारलेला पुठ्ठा मागे अडकवते, मुलीने दिलेला भिंगाचा दिवा ओढून घेते, आणि दंतवैद्याच्या जुन्या आकड्याने क्लोव्ह हिचच्या गाठी सरकवत जाते. धाग्याला आधी मेण लावलेलं असतं, त्यामुळे तो फुलत नाही. एका बैठकीत चार-पाच पायऱ्या, मग दुसरी बाजू. गाठ घट्ट ओढायचा मोह होतो, तो आवरा. नाहीतर उभे दोर आत खेचले जातात आणि शिडीची कंबर बारीक होते. दर दोन-तीन पायऱ्यांनी समोरून पाहायचं, सगळं सरळ असेल तरच गाठीला पातळ गोंदाचा थेंब. मला हे काम मनापासून आवडतं. डोकं शांत होतं, आणि थोड्याच वेळात काहीतरी वाढलेलं दिसतं.

तिसरी भीती अचूकतेची. "हा रंग बरोबर आहे का?" एवढ्या प्रश्नावर महिनोन्महिने थांबलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांना मी स्टॉकहोमच्या ‘वासा’ नावाच्या जहाजाची गोष्ट सांगते. 1628 साली पहिल्याच सफरीत बुडालेलं हे जहाज 1961 मध्ये वर आलं. मागच्या भागातल्या कोरीवकामाची पार्श्वभूमी निळी होती असं बराच काळ धरून चाललेलं, पुढे रंगाचे उरलेले कण तपासले तेव्हा ती लाल निघाली. ज्यांच्यासमोर खरं जहाज उभं होतं, त्यांनाही उत्तर बदलावं लागलं. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमध्ये अडकलेल्या फ्रेंच कैद्यांनी जेवणातल्या हाडांपासून जहाजं घडवली, बरीचशी आठवणीवरून. त्यांची मापं काटेकोर नाहीत, तरी लोक ती आजही तासन् तास बघत उभे राहतात.

माझ्या ब्रिगच्या एका दोराबद्दल दोन आराखडे दोन वेगळ्या जागा दाखवतात. मी दोर कुठून कुठे सहज जाईल ते बघितलं, कुठल्या खुंटीला तो बाकीच्यांना घासत नाही ते बघितलं, एक खुंटी निवडली आणि काल रात्री तिथे बांधून टाकला. तुमच्या जहाजावरही असा एखादा दोर किंवा रंग अडून बसला असेल, तर या आठवड्यात त्याचा निकाल लावा आणि पुढची पट्टी भिजत घाला.